दोन वणव्यांमधले झुडूप

शमीस हे कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर सगळ्यांत जास्त दिसणारे झुडूप. कूळ गुलाबाचे, पण पाहणाऱ्याला तसा संशयही येणार नाही. उंची माणसाएवढी, फार तर त्याच्या दुप्पट. एका खोडाऐवजी जमिनीतूनच अनेक काटकुळ्या फांद्या वर गेलेल्या, आणि त्यांवर जेमतेम एक सेंटीमीटर लांबीच्या बारीक, टोकदार पानांचे झुबके. मे-जूनमध्ये शेंड्यांना बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. उन्हाळा सरेपर्यंत ते वाळून तांबूस होतात आणि गळून न पडता तसेच फांद्यांवर राहतात, त्यामुळे दुरून सगळा उतारच तांबूस दिसतो.

अ‍ॅडेनोस्टोमा फॅसिक्युलेटम हे त्याचे शास्त्रीय नाव. उत्तर कॅलिफोर्नियापासून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या डोंगररांगांवर ते वाढते. कुठे मॅन्झानिटा, सिअ‍ॅनोथस, टोयॉन आणि खुरट्या ओकच्या सोबतीने, तर कुठे अख्ख्या उतारावर एकटेच. सदाहरित, कडक पानांच्या झुडपांच्या या दाट रानाला शॅपरॅल म्हणतात. जुन्या शॅपरॅलमधून सरळ चालत जाणे जवळपास अशक्य असते. फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की कोयता चालवल्याशिवाय वाट मिळत नाही.

तिथले ऋतुचक्र महाराष्ट्राच्या नेमके उलटे आहे. पाऊस पडतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे थंडीत. मे ते ऑक्टोबर आभाळ कोरडे. ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच जमिनीत पाणी नसते. भूमध्य समुद्राभोवतालचे देश, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप प्रांत आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण किनारा इथेही असेच हवामान आहे. कॅलिफोर्नियासह या पाचही ठिकाणी झुडपांची राने आहेत आणि ती वेळोवेळी पेटतात. चिलीत आग मुख्यतः माणसाने आणली. बाकीच्या चार प्रदेशांत ती माणसाच्या कितीतरी आधीपासून आहे. या सगळ्यांत वणव्याच्या अंगाने फार बारकाईने अभ्यासल्या गेलेल्या झुडपांपैकी शमीस एक आहे.

जळण्याची तयारी

शमीस चटकन पेट घेते, आणि त्याची कारणे त्याच्या बांधणीतच आहेत. पाने बारीक असल्याने वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो. उष्णता लगेच आत शिरते. पानांत तेलकट, उडून जाणारी द्रव्ये असतात. वय वाढत जाते तशा आतल्या बारीक काटक्या सावलीने मरतात, पण त्या खाली पडत नाहीत. वाळलेल्या काटक्यांचा भारा झुडपाच्या पोटातच साठत राहतो.

दक्षिण कॅलिफोर्नियातली अग्निशमन दले वणव्याचा अंदाज घेण्यासाठी याच झुडपाचा आधार घेतात. साधारण दर पंधरवड्याला ठरलेल्या जागी कर्मचारी जातात, शमीसचे हिरवे शेंडे कात्रीने कापून हवाबंद डब्यात भरतात, वजन करतात, भट्टीत वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. उडून गेलेल्या पाण्याचे कोरड्या वजनाशी प्रमाण काढले की त्या दिवशीचा ओलावा कळतो. पाऊस झाल्यावर, वसंतात, हा आकडा शंभर टक्क्यांच्या वर असतो, म्हणजे पानात कोरड्या भागापेक्षा पाणी जास्त. पुढे तो महिन्यामहिन्याने उतरत जातो. ऐंशीच्या खाली गेला की मोठ्या आगींची शक्यता वाढते आणि साठच्या आसपास आला की हिरवे झुडूपसुद्धा सरपणासारखे जळते, असा तिथला अनुभव आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो साठपर्यंत उतरणे नेहमीचे.

नेमक्या याच सुमारास सँटा अ‍ॅना वारे सुरू होतात. एरवी किनाऱ्यावर समुद्राकडून दमट वारा येतो. हे वारे उलट दिशेने, आतल्या वाळवंटी पठाराकडून येतात, डोंगर उतरताना तापतात आणि कोरडे होतात. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत ते अधूनमधून वाहतात. पहिला दमदार पाऊस लांबला तर कोरडी झुडपे आणि हा वारा एकत्र येतात. लॉस एंजेलिसच्या परिसरात ७ जानेवारी २०२५ रोजी पेटलेले पॅलिसेड्स आणि ईटन हे वणवे अशाच कोरड्या हिवाळ्यात शॅपरॅलच्या डोंगरांतून वस्तीत उतरले आणि त्यांत सोळा हजारांहून अधिक इमारती गेल्या.

शमीस इतके ज्वालाग्राही का झाले असावे, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेच्या वनसेवेतले रॉबर्ट मच यांनी १९७० मध्ये असे मांडले की ज्या वनस्पतींना आगीनंतर नव्याने वाढण्याचा लाभ होतो, त्यांच्यात जळाऊपणाचे गुण निसर्गनिवडीने टिकत गेले असावेत. कल्पना आकर्षक आहे, पण सिद्ध करायला अवघड. बारीक, तेलकट पाने दुष्काळात पाणी वाचवायला आणि खाणाऱ्यांना दूर ठेवायलाही उपयोगी पडतात. जळाऊपणा हा त्यातून सहज आलेला परिणाम असू शकतो. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

आगीत काय होते

शॅपरॅलमधला वणवा जमिनीवरून सरपटत जात नाही. तो शेंड्यांतून धावतो आणि वाटेतले झुडूप जमिनीपासून वरपर्यंत जाळतो. भारतातल्या पानगळीच्या जंगलात बहुधा पालापाचोळा आणि गवत जळते, मोठी झाडे काळवंडून का होईना उभी राहतात. तिथला अनुभव शॅपरॅलला तसाच लावता येत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेतलेले बरे. शॅपरॅलमध्ये वणवा गेल्यावर हिरवे असे काही उरत नाही. पांढरट राख, तिच्यातून वर आलेली काळी खुंटे, एवढेच.

त्या खुंटांतूनही बरेच काही वाचता येते. आग जितकी तीव्र, तितक्या जाड फांद्या ती संपवते. म्हणून संशोधक जळलेल्या शमीसच्या सांगाड्यावर शिल्लक राहिलेली सर्वांत बारीक काडी शोधतात आणि तिची जाडी मोजपट्टीने घेतात. दोन-तीन मिलिमीटरच्या काड्या शिल्लक असतील तर आग सौम्य होती. अंगठ्याएवढ्या फांद्याही टोकाला झिजून गेल्या असतील तर ती भयानक तापली होती. आग लागली तेव्हा तिथे कोणी हजर नसले तरी प्रत्येक उताराची तीव्रता अशी नंतर काढता येते. सॅन दिएगो परगण्यात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात या मापाची सांगड झुडपांच्या जगण्या-मरण्याशी घातली गेली. सर्वांत बारीक उरलेली काडी जितकी जाड, तितकी पुन्हा न फुटणारी झुडपे जास्त.

वर एवढी उष्णता असताना खाली काही जिवंत राहते ते मातीमुळे. माती उष्णता फार हळू वाहून नेते. पृष्ठभागावर तापमान सहा-सातशे अंश सेल्सिअसवर गेले तरी पाच सेंटीमीटर खाली ते बहुतेक वेळा शंभराच्या आत राहते आणि आणखी खाली फरक जेमतेम जाणवतो. वनस्पतीच्या पेशी साधारण साठ अंशांवर मिनिटभरात मरतात. त्यामुळे चार बोटे खोली हीच जगण्याची सीमारेषा ठरते.

बुंध्याची गाठ

शमीसचा बुंधा जमिनीलगत एका ओबडधोबड लाकडी गाठीत रुंदावलेला असतो. वनस्पतिशास्त्रात तिला लिग्नोट्यूबर म्हणतात. ही गाठ जखमेने किंवा रोगाने येत नाही. रोप लहान असतानाच, बियांच्या पहिल्या दोन पानांच्या बेचक्यांत ती धरू लागते, आणि मग झुडपाबरोबर वाढत राहते. अनेक वणवे पाहिलेल्या झुडपाची गाठ माणसाच्या डोक्याहून मोठी असते. तिचा काही भाग जमिनीच्या वर, बराचसा खाली. भारतात निलगिरीच्या अनेक जातींतही अशीच गाठ असते. निलगिरी तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, त्यामागे तिचाही हात आहे. शमीस आणि निलगिरी यांचे नाते काहीच नाही. दोन वेगळ्या कुळांनी एकाच अडचणीवर एकच तोड स्वतंत्रपणे काढली आहे.

गाठीत दोन गोष्टी असतात. सालीखाली दडलेले असंख्य सुप्त डोळे, आणि पिष्टाचा साठा. झुडूप धडधाकट असते तोवर शेंड्यांत तयार होणारी ऑक्झिन नावाची संप्रेरके खाली उतरतात आणि या डोळ्यांना फुटू देत नाहीत. वणव्यात शेंडे जळाले की हा धाक संपतो. मुळे जिवंत असतात, पाणी वर ढकलत असतात, आणि डोळे फुटतात.

उन्हाळ्याच्या अखेरीस जळालेल्या उतारावर काही आठवड्यांतच, पुष्कळदा पावसाचा थेंब पडण्याआधी, राखेतून हिरवे कोंब वर येतात. पाऊस नसताना पाणी येते कुठून, तर खोलवरून. शमीसची मुळे कातळाच्या फटींत शिरून कित्येक मीटर खाली गेलेली असतात. वर शंभर फांद्यांना पुरवावे लागणारे पाणी आता मूठभर कोंबांना मिळते, त्यामुळे सुरुवातीला त्यांची चंगळ असते. या कोंबांवरची पाने जुन्या झुडपाच्या पानांहून वेगळी दिसतात. ती मऊ, पोपटी आणि कडेने कातरलेली असतात, अगदी बियांपासून उगवलेल्या रोपाच्या पानांसारखी. वर्षभरात कोंब गुडघ्याच्या आसपास पोचतात. हरणांना हा कोवळा पाला फार आवडतो. जुने शमीस ती क्वचितच तोंडात घेतात. म्हणून शिकारी आणि गुराखी दोघांनाही ताजे जळालेले रान पूर्वीपासून हवे असे.

सगळीच झुडपे फुटतात असे मात्र नाही. आगीची तीव्रता, झुडपाचे वय, गाठीचा आकार, त्याआधीचा दुष्काळ आणि आगीचा महिना या सगळ्यांवर ते अवलंबून असते. वसंतात झुडूप नवी पालवी आणि फुले यांवर साठा खर्च करून बसलेले असते. त्यानंतर लगेच, उन्हाळ्याच्या तोंडाशी जाळले तर फुटणाऱ्या झुडपांचे प्रमाण घटते. एखाद्या उतारावर जवळजवळ सारी परततात, तर शेजारच्याच उतारावर निम्मीसुद्धा नाही. फुटल्यानंतरही धोका टळत नाही. पुढची दोन वर्षे कोरडी गेली तर कोवळे फुटवे वाळून जातात आणि त्यांच्याबरोबर कधी कधी गाठही मरते.

दुसरा मार्ग: बी

शमीसचा दुसरा आधार जमिनीत पुरलेल्या बियांचा. फळ अगदी बारीक असते, एकच बी असलेले. वर्षानुवर्षे पडणाऱ्या या बियांत दोन तऱ्हा असतात. काही बिया ओल मिळताच रुजतात. पण दाट झुडपांच्या सावलीत अशी रोपे सहसा टिकत नाहीत. बाकीच्या मातीत पडून राहतात आणि आगीची खूण मिळाल्याशिवाय रुजत नाहीत. ही खूण उष्णतेची असते, आणि जळक्या लाकडातून पावसाबरोबर झिरपणाऱ्या रसायनांचीही. प्रयोगशाळेत शमीसच्या बियांवर कोळशाची पूड घातली तरी रुजण्याचे प्रमाण वाढते.

उष्णता हवी, पण मोजकीच. कोरडे बी बराच ताप सोसते. पाणी पिऊन फुगलेले बी त्याहून कितीतरी कमी तापमानाला मरते. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्याचे परिणाम मोठे झाले आहेत. आग आटोक्यात राहावी म्हणून वनाधिकारी काही वेळा ओल्या हंगामात मुद्दाम रान जाळत. अशा ठिकाणी नंतर रोपे फार कमी आली, कारण माती ओली होती आणि बिया फुगलेल्या होत्या. उन्हाळी वणव्यापेक्षा सौम्य वाटणारी आग बियांना अधिक घातक ठरली.

नैसर्गिक वणव्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शमीसची रोपे भरमसाट उगवतात आणि पहिल्या उन्हाळ्यात त्यांतली बहुतेक मरतात. जी जगतात ती सहसा मेलेल्या झुडपांच्या मोकळ्या जागेत. शेजारी जुन्या गाठीचा फुटवा असेल तर त्याची मुळे आधीच खोल असतात, आणि रोपाला पाणी मिळत नाही. मेलेल्या झुडपांची भर रोपे घालतात आणि जिवंत झुडपे आपली जागा धरून राहतात, अशी ही वाटणी आहे.

शॅपरॅलमधल्या इतर झुडपांत ही दोन्ही साधने एकत्र क्वचित आढळतात. सिअ‍ॅनोथसच्या अनेक जाती जळाल्या की मरतात; त्यांचे सारे भवितव्य टणक कवचाच्या बियांवर असते. त्या बिया जमिनीत अनेक दशके पडून राहतात आणि कवच आगीच्या तापाने तडकल्यावरच पाणी आत घेतात. टोयॉन आणि खुरटा ओक यांचे उलट आहे. ते बुंध्यातून जोमाने फुटतात, पण त्यांच्या बिया आगीत जगत नाहीत. त्यांची रोपे येतात ती दोन वणव्यांमधल्या शांत काळात, जुन्या शॅपरॅलच्या गार सावलीत. मॅन्झानिटाच्या काही जातींना गाठ आहे, काहींना नाही. एकाच उतारावर इतक्या तऱ्हा नांदतात, म्हणून आग केव्हा आणि किती वेळा लागते त्यावर पुढच्या रानात कोणाचा वरचष्मा राहील हे ठरते.

पहिला वसंत आणि एक जुना वाद

वणव्यानंतरच्या पहिल्या वसंतात त्या काळ्या उतारांवर फुलांची गर्दी होते. त्यांत अशा वर्षायू वनस्पती असतात ज्या एरवी दिसतच नाहीत: अग्नि-खसखस म्हणून ओळखली जाणारी केशरी फुलांची जंगली खसखस, फॅसेलियाच्या जाती, आणि वाळल्यावर वाऱ्याने सळसळणाऱ्या फिकट पिवळ्या घंटा धरणारे एमेनँथे. या एमेनँथेच्या बिया धुराने रुजतात. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड एवढाच घटकही त्यांना पुरतो, हे जॉन कीली आणि सी. जे. फॉदरिंगहॅम यांनी १९९७ मध्ये दाखवले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डिअरवीड हे शेंगवर्गातले अल्पायुषी झुडूप पसरते आणि आगीत उडून गेलेल्या नायट्रोजनची थोडी भरपाई करते. शमीसचे फुटवे वाढून आभाळ झाकू लागले की ही सारी मंडळी बियांच्या रूपाने परत जमिनीत जातात.

मोठ्या शमीसखाली गवत, फुले काहीच का उगवत नाही, यावर १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेतल्या कॉर्नेलियस मलर यांच्या गटाने एक उत्तर दिले होते. झुडपे पानांतून विषारी द्रव्ये सोडतात, ती जमिनीत साठतात आणि इतरांना रुजू देत नाहीत. आग ती जाळून टाकते म्हणून नंतर फुले येतात. हा सिद्धांत पाठ्यपुस्तकांत गेला. मग १९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी झुडपांच्या कडेच्या उघड्या पट्ट्यांत जाळीचे पिंजरे ठोकले, ज्यांत उंदीर आणि ससे शिरू शकत नव्हते. पिंजऱ्याच्या आत गवत उगवले. झुडपात लपणारे प्राणी बाहेर फार लांब न जाता आसपासचे सगळे खुडून खातात, हे त्या उघड्या पट्ट्याचे मोठे कारण निघाले. विषाची बाजू पूर्ण खोटी ठरली नाही, पण तिचे वजन बरेच उतरले. एक साधी जाळी अनेक वर्षांच्या रसायनशास्त्रापुढे उभी राहू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याच काळात मातीतही एक बदल झालेला असतो, आणि तो माणसांना महागात पडतो. शमीसच्या पाल्यातली मेणासारखी द्रव्ये आगीत वाफ होऊन काही जमिनीत उतरतात आणि खालच्या गार थरात गोठतात. त्या थरावरून पाणी अळूच्या पानावरून ओघळावे तसे ओघळते. फुटवे कोवळे आहेत, मुळांची पकड सैल आहे, अशा पहिल्या हिवाळ्यात मोठा पाऊस झाला तर वरचा चिखल दगडधोंड्यांसह खाली येतो. डिसेंबर २०१७ मध्ये पेटलेल्या थॉमस वणव्यात सुमारे २ लाख ८२ हजार एकर रान गेले. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे पाऊस कोसळला आणि मोंटेसिटो गावावर आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात २३ माणसे दगावली.

किती वर्षांनी

साधारण दहा वर्षांत शमीसचा पसारा पूर्वीच्या बराच जवळ येतो आणि पंधरा-वीस वर्षांत रान पुन्हा दाट होते. बियांचा साठा भरायला आणि गाठीतले पिष्ट पुरते परतायला वेळ लागतो. शॅपरॅलमध्ये दोन वणव्यांतले नैसर्गिक अंतर साधारण तीस ते दीडशे वर्षांचे मानले जाते. फार वर्षे आग न लागल्यास रान जरठ होऊन मरायला लागते, म्हणून ते जाळायलाच हवे, असा समज विसाव्या शतकात वनखात्यांत रुजला होता. शंभर वर्षे आग न पाहिलेल्या शॅपरॅलची पाहणी झाली तेव्हा तो टिकला नाही. तिथे शमीस बुंध्यातून अधूनमधून नवे फुटवे काढून स्वतःला ताजे ठेवत होते, आणि अशी जुनी राने जळाल्यावरही नीट परतत होती. थोडक्यात, उशीर झाल्याने शमीसचे फारसे बिघडत नाही. घाई मात्र त्याला सोसत नाही.

घाईचे काय होते ते सॅन दिएगोच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेलगत ओटाय डोंगरावर पाहायला मिळाले. तिथे १९७९ मध्ये वणवा लागला. माती वाहून जाऊ नये म्हणून जळालेल्या उतारांवर रायग्रास या परदेशी गवताचे बी पेरण्यात आले. तेव्हाची ती सरसकट रीत होती. गवत चांगले वाढले, उन्हाळ्यात वाळले, आणि १९८० मध्ये त्याच जमिनीचा काही भाग पुन्हा पेटला. एरवी वर्षभरापूर्वी जळालेल्या शॅपरॅलमध्ये पेटण्याजोगे काही नसते; इथे ते मुद्दाम पुरवले गेले होते. पॉल झेडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनदा जळालेला आणि एकदाच जळालेला असे शेजारशेजारचे भाग मोजले. दोनदा जळालेल्या भागात शमीसची संख्या कोसळली होती. फुटव्यांनी साठा वापरून टाकला होता आणि तो परत भरण्याआधीच ते जळाले; बियांतून आलेल्या रोपांना पुन्हा फुटण्याएवढी गाठच नव्हती; आणि जमिनीतले बी पहिल्याच वणव्यानंतर रुजून संपले होते. सिअ‍ॅनोथस तर जवळजवळ नाहीसा झाला.

पुढे हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. वाट चुकलेल्या एका शिकाऱ्याने मदतीची खूण म्हणून पेटवलेल्या जाळातून २५ ऑक्टोबर २००३ रोजी सीडर वणवा सुरू झाला. सॅन दिएगो परगण्यात २ लाख ७३ हजार एकरांहून अधिक रान, दोन हजारांहून अधिक घरे आणि १५ माणसे त्यात गेली. त्या वर्षी जळालेल्या जमिनींपैकी काही २००७ च्या ऑक्टोबरमध्ये विच वणव्यात पुन्हा सापडल्या. चार वर्षांत दोनदा जळालेल्या या उतारांवर नंतर झुडपे विरळ आणि भूमध्य प्रदेशातून आलेली ब्रोम, जंगली ओट यांसारखी वर्षायू गवते दाट दिसली.

गवताचा हा शिरकाव स्वतःला पोसत राहतो. गवत मे महिन्यातच वाळते, म्हणजे शमीसच्या कितीतरी आधी. ठिणगीने ते सहज पेटते. त्यामुळे वणव्याचा हंगाम लांबतो आणि दोन आगींतले अंतर आणखी कमी होते. प्रत्येक वेळी झुडपे घटतात, गवत वाढते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक आगी माणसांमुळे लागतात. वीज पडून लागणाऱ्या आगी प्रामुख्याने आतल्या उंच डोंगरांत. रस्ते, वीजवाहिन्या, वाहनांच्या ठिणग्या, फेकलेली सिगारेट असे निमित्त वर्षभर कुठे ना कुठे असतेच.

माणसाने तिथे आग पूर्वीही लावली आहे. स्पॅनिश दर्यावर्दी काब्रियो १५४२ मध्ये किनाऱ्याने जात असताना आजच्या लॉस एंजेलिसजवळच्या उपसागराला त्याने धुराचा उपसागर म्हटल्याची नोंद आहे. चुमाश, कुमियाय आदी मूळ रहिवासी बियाणे, कंदमुळे आणि शिकार यांसाठी ठराविक जागा जाळत. स्पॅनिश गव्हर्नर अरियागा याने १७९३ मध्ये त्यावर बंदी घातली. त्या जाळण्याने वस्तीजवळची काही झुडपी राने मोकळी झाली असणार हे खरे, पण त्या वेळी परदेशी गवत नव्हते आणि दोन-अडीच कोटी लोकसंख्याही नव्हती. आजच्या आगींचे समर्थन त्या परंपरेच्या नावाने करणे म्हणून पटत नाही.

भारतातही आगीनंतर फुटणाऱ्या वनस्पतींचा उपयोग करून घेतला जातो. विदर्भ आणि मध्य प्रदेशच्या जंगलांत तेंदूच्या मुळांतून निघणाऱ्या धुमाऱ्यांना विडीसाठी लागणारी कोवळी पाने येतात, आणि ती जास्त मिळावीत म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला जंगलात आग लावली जाते. तेंदू दरवर्षीची हलकी आग सोसतो. तोच न्याय शमीसला लावता येत नाही. जळून फुटण्याची ताकद दोघांतही आहे; दोन आगींत लागणारी उसंत वेगवेगळी आहे.

वणव्यानंतर रायग्रास पेरण्याची रीत आता बहुतेक ठिकाणी बंद झाली आहे, कारण धूप फारशी थांबत नव्हती आणि शमीसची रोपे मात्र गवताखाली दबत होती. हल्ली भर आहे तो नुकत्याच जळालेल्या जागा पुन्हा पेटू न देण्यावर. शंभराहून अधिक वर्षांच्या वणव्यांच्या सीमा नकाशांवर नोंदलेल्या असल्याने कोणता उतार शेवटी केव्हा जळाला आणि किती वेळा, हे पाहता येते. दहा वर्षांच्या आत जळालेले शमीसचे रान पुन्हा धोक्यात आले तर नुकसान किती होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. जिथे गवताने ताबा घेतला आहे तिथे काम कठीण आहे. शमीसचे बी झुडपापासून फार लांब जात नाही, जमिनीतला साठा संपलेला असतो, आणि रोपवाटिकेत वाढवलेली रोपे लावली तरी पहिले उन्हाळे पाणी घालून आणि भोवतीचे गवत उपटून काढावे लागतात. काही हेक्टरांवर हे जमते. हजारो एकरांच्या खड्या उतारांवर, जिथे पायवाटही नाही, तिथे ते परवडणारे नाही, आणि अशा जागी शमीस आपणहून परतल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.